उन्हाळी भाजीपाला आणि आठवड्याचा बाजार: दहा गुंठ्यांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऊस कारखान्याला गेला, शाळू आणि हरभरा निघाला, की विहिरीजवळचा एखादा तुकडा भाजीपाल्यासाठी राखण्याची पद्धत जुनी आहे. अलीकडे नोकरी सोडून गावी परतलेली, किंवा वडिलांनंतर रान पहिल्यांदाच स्वतःच्या हातात आलेली अनेक मंडळी याच तुकड्यापासून सुरुवात करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे विहिरीचे, बोअरचे किंवा कालव्याचे बेताचे पाणी आहे, घरची दोन-तीन माणसे सकाळी रानात उतरू शकतात आणि माल गावच्या किंवा तालुक्याच्या आठवडी बाजारात विकायचा आहे, अशा कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. आमचे रान कराड तालुक्यात कृष्णाकाठी आहे, त्यामुळे उदाहरणे त्याच भागातली आहेत. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या वाचकांनी पाण्याचा हिशेब आणखी हात राखून करावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. उन्हाळी भाजीपाल्यात पीक उभे करणे तुलनेने सोपे असते; खरा कस लागतो तो तोड्याला. बाजार आठवड्यातून एकदा भरतो, आणि भेंडी मात्र एक दिवसाआड तोडावीच लागते. म्हणून बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: बाजाराचा वार, मे महिन्यात उरणारे पाणी आणि तोड्याला हजर असणारे हात.

१. मे महिन्याचे पाणी फेब्रुवारीतच मोजा

फेब्रुवारीत विहीर भरलेली दिसते आणि माणूस हौसेने अर्धा एकर पेरून बसतो. एप्रिलच्या मध्यानंतर मोटर अर्ध्या तासात हवा ओढू लागते, आणि त्याच वेळी पीक ऐन तोड्यात असते. त्यामुळे क्षेत्र ठरवताना आजचे पाणी धरू नये. शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला विचारावे की मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांत या विहिरीवर मे महिन्यात मोटर किती वेळ चालत होती. त्या उत्तरावर क्षेत्र ठरवावे.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. पीक भरात असताना कडक उन्हाळ्यात रोज सुमारे ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दहा गुंठ्यांना दिवसाला ६,००० लिटर पाणी हवे. मोटरचा प्रवाह मोजण्यासाठी २०० लिटरचे पिंप घ्यावे आणि ते किती सेकंदांत भरते ते पाहावे. चाळीस सेकंदांत भरले, तर तासाला १८,००० लिटर पाणी मिळते.

ठिबक किती वेळ चालवायचे, हा नवख्या माणसाचा नेहमीचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तरही याच हिशेबात आहे. दोन नळ्यांमध्ये ४ फूट, म्हणजे १.२ मीटर अंतर, आणि दर ४० सेंटिमीटरला ताशी ४ लिटरचे ड्रिपर असतील, तर दहा गुंठ्यांत सुमारे २,१०० ड्रिपर बसतात आणि ते तासाला जवळपास ८,३०० लिटर पाणी देतात. म्हणजे ६,००० लिटरसाठी पाऊण तास पुरे. अनेक जण सवयीने दोन-अडीच तास ठिबक चालू ठेवतात. त्याने पाणी आणि खत मुळांच्या खाली निघून जाते, आणि काळ्या रानात वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ, न राहिल्यामुळे मुळे गुदमरतात.

कालव्यावर अवलंबून असाल, तर उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार आणि दोन आवर्तनांत किती दिवसांचे अंतर राहणार, हे पाटबंधारे शाखेत आधी विचारून घ्यावे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमुळे पूर्व भागात पाणी पोहोचले आहे, पण आवर्तन लांबले तर पालेभाजी आठ-दहा दिवस तग धरत नाही. अशा ठिकाणी विहीर किंवा लहान शेततळे हाताशी असल्याशिवाय पालेभाजी करू नये. गवार हे त्यातल्या त्यात ताण सोसणारे पीक आहे.

२. माती आणि शेजारचा ऊस

माती तपासणीसाठी रानात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती तासून घ्यावी, ती एकत्र मिसळावी आणि त्यातली अर्धा किलो माती तपासणीला द्यावी. बांधालगतची, शेणखताच्या ढिगाखालची किंवा झाडाखालची माती घेऊ नये. साताऱ्यात बोरगावचे आणि सांगलीत कांचनपूरचे कृषी विज्ञान केंद्र या कामात मार्गदर्शन करते. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड झालेली राने बरीच आहेत. तिथे मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करावी, कारण क्षार जास्त असतील तर घेवड्यासारखी शेंगवर्गीय पिके पहिल्याच पानांवर करपतात.

दुसरी गोष्ट पुस्तकांत फारशी सापडत नाही, पण आपल्या उसाच्या मुलखात ती सर्वांत महत्त्वाची आहे. उसात रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी हे तणनाशक सर्रास मारले जाते. त्याचा वाऱ्यावर आलेला अंशही भेंडी, वांगी, टोमॅटो आणि वेलवर्गीय पिकांची पाने चिमटल्यासारखी, दोऱ्यासारखी करून टाकतो, आणि नवखा माणूस त्याला विषाणू रोग समजून औषधांवर पैसे घालवत बसतो. तेव्हा शेजाऱ्याला आधीच भेटून सांगावे की आपण इथे भाजीपाला करणार आहोत, तणनाशक मारायचे असेल त्या दिवशी वारा पाहून मारा आणि आम्हाला कळवा. चांगल्या शब्दांत सांगितले तर लोक ऐकतात. तसेच तणनाशकासाठी वापरलेला पंप, मग तो तीनदा धुतलेला असो, भाजीपाल्यावर कधीही वापरू नये. दहा गुंठ्यांसाठी स्वतःचा वेगळा पंप घेणे हा पहिला खर्च समजावा.

शेणखत हेक्टरी २० टन या प्रमाणात, म्हणजे दहा गुंठ्यांना सुमारे दोन टन लागते. ते पूर्ण कुजलेलेच हवे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी रानात येते.

३. कागदपत्रे आणि खरेदी

पुढील कागद एका पिशवीत एकत्र ठेवावेत:

- सातबारा आणि आठ-अ उतारा
- आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- शेतकरी ओळख क्रमांक
- कृषिपंपाचे वीजबिल
- माती-पाणी तपासणीचा अहवाल
- बियाणे आणि औषधांच्या पक्क्या पावत्या, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांसह

ठिबकासाठी सरकारी योजनांच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेच्या ८० टक्के अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना आणि ७५ टक्के इतरांना, असे केंद्र आणि राज्याचे मिळून सूत्र आहे. इथला सापळा एकच, पण मोठा आहे: पूर्वसंमती मिळण्याआधी साहित्य खरेदी केले, तर त्याचे अनुदान मिळत नाही. दुकानदार ‘बिल नंतर जुळवू’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. हंगाम तोंडावर आला असेल, तर पहिला उन्हाळा सरीने पाणी देऊन काढावा आणि ठिबक पुढच्या वर्षी रीतसर करावे.

बियाण्याची पिशवी पीक संपेपर्यंत जपून ठेवावी. उगवण झाली नाही किंवा जात वेगळीच निघाली, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना पावती आणि पिशवीवरचा लॉट क्रमांक मागितला जातो. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याच्या सरकारी ॲपवर, उन्हाळी पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करावी. वळवाने किंवा गारपिटीने नुकसान झाले आणि सातबाऱ्यावर पीकच नसले, तर पंचनाम्याच्या वेळी आपली बाजू लंगडी पडते.

४. बाजाराच्या वारापासून उलटे मोजा

हे सर्वांत मोठे काम आहे आणि ते घरात बसून, दिनदर्शिका समोर ठेवून करायचे आहे.

उन्हाळ्यात मेथी, राजगिरा आणि माठ साधारण २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर आणि शेपू ३५ ते ४० दिवसांत काढणीला येतात. काकडी ४० ते ४५ दिवसांत, भेंडी ४५ ते ५० दिवसांत, गवार त्याच्या आसपास आणि दोडका ५० ते ६० दिवसांत सुरू होतो. समजा बाजार गुरुवारी आहे आणि गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या बाजारात मेथी हवी आहे, तर त्या गुरुवारापासून चार आठवडे मागे मोजून वाफा टाकावा. पालेभाजीचा एक गुंठा असेल, तर त्याचे आठ वाफे करावेत आणि दर आठवड्याला दोनच वाफे पेरावेत, एक मेथीचा आणि एक कोथिंबिरीचा. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले, तर एका बाजाराला पाटीत मावणार नाही एवढा माल निघतो आणि पुढचे तीन बाजार मोकळे जातात. नवख्या माणसाकडून सर्वांत जास्त होणारी गोष्ट हीच आहे.

दहा गुंठ्यांची वाटणी मी अशी सुचवेन: भेंडी चार गुंठे, पण दोन हप्त्यांत, गवार दोन गुंठे, मांडवावर किंवा तारेवर काकडी आणि दोडका दोन गुंठे, पालेभाजी एक गुंठा, उरलेला एक गुंठा पायवाटा आणि घरच्या वांगी-मिरचीसाठी. भेंडीचा पहिला हप्ता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, थंडी ओसरल्यावर पेरावा, कारण गारठ्यात भेंडी धड उगवत नाही. दुसरा हप्ता महिन्याभराने पेरावा. पहिला हप्ता उतरणीला लागतो तेव्हा दुसरा भरात येतो, आणि लग्नसराई संपेपर्यंत भेंडीचा खंड पडत नाही.

भेंडी जास्त का नको, असे विचारणारे पुष्कळ भेटतात, कारण तिला भाव बरा असतो. पण सकाळी साडेनऊनंतर भेंडीच्या रानात थांबवत नाही. अंगाला लव लागून खाज सुटते आणि ऊनही चढते. घरच्या दोन माणसांना उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत जेवढी तोडून होईल, तेवढीच भेंडी आपली. त्यापुढे मजूर लावावे लागतात, आणि दहा गुंठ्यांच्या भेंडीला एक दिवसाआड मजुरी परवडत नाही.

५. लागवड, पाचट आणि सावली

जातींची निवड भागातल्या अनुभवावरून करावी. भेंडीत अर्का अनामिका आणि परभणी क्रांती, गवारीत पुसा नवबहार, काकडीत हिमांगी आणि फुले शुभांगी, दोडक्यात फुले सुचेता, वांग्यात मांजरी गोटा या सरळ (संकरित नसलेल्या) जाती लहान क्षेत्राला चांगल्या आहेत. वांग्याच्या बाबतीत आपल्याकडचे गिऱ्हाईक चोखंदळ आहे: कृष्णाकाठच्या वांग्याची चव ज्याच्या तोंडी बसली आहे, त्याला लांबट जांभळे संकरित वांगे दाखवून उपयोग नाही.

भेंडीचे साधे बियाणे रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्यास उगवण लवकर होते. मात्र रंगीत औषध लावलेले बियाणे भिजवू नये, आणि उरलेले कोंबड्यांपुढे टाकू नये. धने पेरण्याआधी चपलेने हलकेच रगडून दोन भाग करावेत. दोन गुंठे भेंडीला पाव किलोपर्यंत बियाणे लागते.

रोपे चार पानांची झाली आणि पहिली भांगलण उरकली, की ओळींमध्ये उसाचे पाचट वीतभर जाड पसरावे. मार्च महिन्यात फड रिकामे होत असतात आणि कित्येक ठिकाणी पाचट पेटवून दिले जाते. शेतमालकाला विचारून दोन बैलगाड्या आणल्या, तरी दहा गुंठ्यांचा बराच भाग झाकतो. पाचटाखालची माती दुपारी हात घालून पाहावी आणि शेजारच्या उघड्या मातीत हात घालून पाहावा. एवढे एकदा केले, की पाचट का घालायचे हे कोणी सांगावे लागत नाही. पाण्याची एक-दोन पाळ्यांची बचत होते, दुसरी भांगलण जवळजवळ वाचते, आणि काकडी मातीला टेकून डागाळत नाही. फक्त वाळवीवर लक्ष ठेवावे आणि पाचट खोडाला चिकटू देऊ नये.

रानाच्या पश्चिम आणि दक्षिण कडेला मक्याच्या दोन ओळी पेराव्यात, त्याही भेंडीच्या पंधरा दिवस आधी. या ओळी गरम वारा अडवतात, बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या माशीला काही प्रमाणात रोखतात, आणि त्यांच्या सावलीत एप्रिलची कोथिंबीर तगते. कोथिंबिरीला उन्हाळ्यात भाव मिळतो, पण उघड्या रानात ती वीतभर होण्याआधीच फुलावर येते. मका दाट नसेल, तर वाफ्यांवर ५० टक्क्यांची शेडनेट डोक्याच्या उंचीवर बांधावी.

६. कीड-रोग

आठवडी बाजारात आपली भाजी घेणारी माणसे दर आठवड्याला तीच असतात आणि तीच भाजी आपल्या घरीही शिजते, हे लक्षात ठेवून औषधाचा निर्णय घ्यावा. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये ते छापलेले असते. भेंडी एक दिवसाआड तोडायची असेल, तर सात दिवस थांबायला सांगणारे औषध तोडा सुरू झाल्यावर चालणारच नाही. डब्यावरच्या त्रिकोणात लाल रंग सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा, असा क्रम असतो.

भेंडीवर हळद्या, म्हणजे शिरा पिवळ्या पडणारा विषाणू रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर औषध नाही. पहिले पिवळे झाड दिसताच उपटून रानाबाहेर पुरावे आणि पिवळे चिकट सापळे लावावेत. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो कुटलेल्या निंबोळ्यांचा रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, दहा दिवसांच्या अंतराने फवारला तर रसशोषक किडी बऱ्याच आटोक्यात राहतात. दोडका, कारली आणि काकडीत फळमाशी फळ डंखते आणि फळ वाकडे होऊन सडते. त्यासाठी क्यू ल्युअरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचे) सापळे वेल फुलावर येतानाच टांगावेत आणि सडकी फळे बांधावर न टाकता खोल पुरावीत. बांधावर टाकलेल्या एका सडक्या दोडक्यातून पुढच्या आठवड्याच्या माश्या तयार होतात.

फवारणीच्या वेळेबाबत एक बारकावा आहे. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी. सकाळच्या फवारणीने काकडीवरच्या मधमाश्या मरतात आणि फळे वाकडी, अर्धवट भरलेली निघतात. म्हणून काकडीवर फवारायचे ते उन्हे उतरल्यावर, आणि दोडक्यावर फवारायचे ते फुले उमलण्याआधी, दुपार कलताना.

७. तोड्याचा आठवडा

गुरुवारचा बाजार धरून आमच्या घरचा आठवडा असा चालतो, आणि तुम्ही तो आपल्या वाराप्रमाणे सरकवून घ्यावा.

शनिवारी आणि सोमवारी पहाटे भेंडी आणि काकडीचा तोडा होतो. हा माल आठवडी बाजारासाठी नाही. तो त्याच दिवशी गावातली दोन दुकाने, रस्त्यावरची खानावळ आणि रोजची ठरलेली घरे यांच्याकडे जातो. हे मधले तोडे कुठे विकायचे, हे पेरणीआधी ठरलेले हवे. एखादा छोटा व्यापारी गावातून रोज टेम्पो घेऊन जात असेल, तर त्याच्याशी बोलून ठेवावे; तो भाव थोडा कमी देईल, पण माल दारातून उचलेल. ‘दोन दिवस थांबून एकदम बाजाराला नेऊ’ हा विचार भेंडीला लागू होत नाही. चौथ्या दिवसाची भेंडी निबर होते, आणि झाडावर निबर शेंगा राहिल्या, तर झाड नवी कळी धरायचे कमी करते. विकली न जाणारी भेंडीही तोडावीच लागते, मग ती जनावरांना घाला.

मंगळवारी गवारीचा पहिला निम्मा भाग, बुधवारी उरलेला. बुधवारी पहाटे भेंडी, काकडी, दोडका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मेथी, कोथिंबीर, राजगिरा. रात्री जेवणानंतर अंगणात बसून जुड्या बांधायच्या. सुट्टीला आलेली मुले या कामाला आनंदाने बसतात, आणि आजी किंवा चुलती असेल तर जुडीचा आकार एकसारखा राहतो. गुरुवारी उजाडताच गाडी.

कोणते फळ तोडायचे, हे डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त कळते. भेंडीचे टोक अंगठ्याने वाकवावे. कट्कन तुटले तर कोवळी, वाकून राहिले तर निबर. गवार मधून मोडून पाहावी, दोरा निघाला तर ती घरीच ठेवावी. दोडक्याला आणि दुधीला नख लावून पाहण्याची पद्धत आहे, पण नखाचा व्रण तासाभरात काळा पडतो आणि गिऱ्हाईक तो पहिला पाहते. त्याऐवजी दुधीवरची लव आणि दोडक्याच्या शिरांची धार पाहावी. वांगे देठासकट कात्रीने कापावे, कारण बाजारात वांग्याचा ताजेपणा हिरव्या देठावरून ओळखला जातो. भेंडी तोडताना पूर्ण बाहीचा जुना सदरा आणि हातमोजे घालावेत.

तोडलेला माल उन्हात एक मिनिटही ठेवू नये. बांधावर झाडाखाली आधीच ओले गोणपाट अंथरून ठेवावे आणि पाटी भरली की तिथे आणावी. भेंडी धुऊ नये. ओली भेंडी रात्रीत काळी पडते आणि चिकट होते. पालेभाजीची मुळे तेवढी धुवावीत, जुड्या मुळे खाली करून उभ्या ठेवाव्यात आणि वरून ओले सुती कापड टाकावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली मेथी सकाळी पिवळी निघते.

दर आठवड्याला बुधवारचा माल रात्रभर ठेवावा लागत असेल, तर विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधणे खरोखर फायद्याचे आहे. विटांची दुहेरी भिंत, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, त्या फटीत ओली वाळू, वरून गोणपाटाचे झाकण आणि सावलीची जागा, एवढेच त्याचे बांधकाम. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडले, की बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंश गारवा राहतो. वीज लागत नाही, आणि गवंड्याची गरजही फारशी पडत नाही.

८. बाजारात

पहिल्या दिवशी कुठेही गोणपाट अंथरू नये. आठवडी बाजारात बसण्याच्या जागा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने ठरलेल्या असतात. बाजाराची पावती फाडणाऱ्याला आणि शेजारी बसणाऱ्या मावशींना विचारून जागा घ्यावी. या बायका तीस-तीस वर्षे भाजी विकत आलेल्या असतात, आणि त्यांच्या शेजारी बसून पहिल्या दोन बाजारांत जे कळते ते दुसरीकडे मिळत नाही: भाव कधी सांगायचा, कधी उतरवायचा, सुटे किती आणायचे, कोणत्या भाजीचे वाटे लावायचे आणि कोणती तागडीने द्यायची. भेंडी, गवार, काकडी वजनावर. वांगी, मिरची, दोडका संध्याकाळकडे वाट्यावर. इलेक्ट्रॉनिक काटा वापरत असाल, तर त्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा.

भाव ठरवताना सकाळी एक फेरी मारावी आणि चालू भावातच बसावे. माल ताजा आहे म्हणून दोन रुपये जास्त मागता येतात, पण ते तिसऱ्या-चौथ्या बाजारानंतर, गिऱ्हाईक तुम्हाला ओळखू लागल्यावर. बाजार मोडायच्या तासभर आधी पालेभाजीचा भाव स्वतःहून उतरवावा. परत नेलेली जुडी दुसऱ्या दिवशी जनावराच्या पुढ्यातच जाते.

माल जास्त निघू लागला, तर कराड, सातारा किंवा सांगलीच्या बाजार समितीत अडत्याकडे पाठवता येतो. तिथे भाव दहा किलोवर आणि पालेभाजीचा शेकड्यावर निघतो. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात आली, की ती तिथेच वाचावी. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. तरीही पट्टीत ती वेगळ्या नावाने कापली गेलेली दिसली, तर बाजार समितीच्या कार्यालयात पट्टी दाखवून विचारावे. त्याच बदलामुळे तुम्ही आपला माल शहरातल्या सोसायटीत, शेतकरी आठवडे बाजारात किंवा महामार्गावर थेट विकू शकता.

वहीत प्रत्येक तोड्याची तारीख, पीक, किलो, भाव आणि कुठे विकले हे लिहावे. गाडीभाडे आणि घरच्या माणसांची मजुरीही लिहावी. घरच्या मजुरीचा रकाना रिकामा ठेवला, तर नफा फसवा दिसतो.

९. उन्हातली माणसे

साडेदहा ते साडेचार या वेळेत रानात कोणीही थांबू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. रानात मातीचा डेरा भरलेला असावा, ताक आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी बरोबर असावे. एखाद्याला गरगरले, अंग तापले आणि घाम थांबला, तर सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेतीची थ्री फेज वीज काही दिवस रात्री येते आणि दारे धरायला अंधारात जावे लागते. उन्हाळ्यात ओलाव्याला साप येतात. पाचट अंथरलेल्या रानात पायाखालचे दिसत नाही. गमबूट, बॅटरी आणि हातात काठी असल्याशिवाय जाऊ नये. साप चावला, तर मांत्रिकाकडे एक क्षणही न घालवता प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. कोणत्या रुग्णालयात ते असते, हे हंगामाआधी विचारून ठेवावे. स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग करून घ्यावे आणि ओल्या हाताने ती उघडू नये.

१०. वळीव आणि रान मोकळे करणे

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग चढू लागले, की मांडवाचे ताण तपासावेत, शेडनेट सोडून गुंडाळावी आणि तोडायच्या अवस्थेतला माल त्याच संध्याकाळी तोडावा. गारांनी मार बसलेली काकडी दोन दिवसांत सडते. वळवानंतर भेंडी आणि वेलांवर भुरी-केवडा हे बुरशीसारखे रोग वाढतात. त्या आठवड्यात पाणी बंद ठेवून खालची रोगट पाने काढून टाकावीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तोडा चालेल, असे गृहीत धरू नये. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात आला आणि उभ्या उन्हाळी पिकांत पाणी साचले. म्हणून मे महिन्याच्या मध्यानंतर नवा वाफा टाकू नये, आणि रानातून पाणी निघून जाण्याची चर त्याआधीच काढून ठेवावी.

सरळ जातीच्या भेंडीचे बियाणे घरचे करायचे असेल, तर चांगल्या, हळद्या न लागलेल्या आठ-दहा झाडांवरच्या शेंगा मे महिन्याच्या सुरुवातीपासून तोडायच्या थांबवाव्यात. त्या झाडांना रंगीत चिंधी बांधून ठेवली, म्हणजे तोडणाऱ्याचा हात चुकून पडत नाही. संकरित जातीचे बी धरू नये. ठिबकाच्या नळ्यांची टोके उघडून त्यांतून स्वच्छ पाणी सोडावे, मग त्या गुंडाळून उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी टांगाव्यात. भेंडीची खोडे उपटून, पाचट तसेच मातीत गाडून कुळवाची एक पाळी घातली, की रान सोयाबीन किंवा घेवड्याच्या पेरणीला मोकळे होते.